उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातील नळजोडणी व पाण्याची सुरक्षितता

प्रास्ताविक

धुळ्याहून सुरतेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग नवापूर मागे टाकल्यावर सोनगड, व्यारा व बारडोली या मार्गाने पुढे जातो. भुसावळ-सुरत लोहमार्गही याच गावांवरून जातो. १९२८ च्या शेतकरी सत्याग्रहामुळे देशभर परिचित झालेले बारडोली हे आज ऊसशेतीचे व साखर उद्योगाचे मोठे केंद्र आहे. खानदेशातील प्रवासी, मालमोटारींचे चालक, व्यापारी आणि गळीत हंगामात धुळे, नंदुरबार व डांग भागांतून ऊसतोडणीसाठी येणारे मजूर यांचा येथे राबता असतो. अशा गावी उपाहारगृहांची संख्या मोठी असणे स्वाभाविक आहे. खमण, पात्रा, फरसाण, चटणी, ताक व चहा यांवर दररोज असंख्य लोकांची भूक भागते.

या पदार्थांपैकी खमण वाफेवर शिजते व चहा उकळतो. परंतु चटणीत घातलेले पाणी, ताकातील पाणी व बर्फ, कोथिंबीर धुण्याचे पाणी आणि पेले विसळण्याचे पाणी यांना अग्नीचा स्पर्श होत नाही. हे पाणी नळातून जसे येते, तसेच ग्राहकाच्या पोटात जाते. म्हणून उपाहारगृहाची स्वच्छता पाहताना ओट्याबरोबर नळही पाहिला पाहिजे.

रोगी एका गावी, कारण दुसऱ्या गावी

दूषित पाण्यापासून होणारे विकार त्याच दिवशी प्रकट होतातच असे नाही. विषमज्वराची लक्षणे दिसण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. आमांशास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, तर अ प्रकारच्या काविळीस सरासरी चार आठवडे. बारडोलीस ताक प्यालेला प्रवासी आजारी पडतो तो अमळनेरला वा जळगावला, आणि तोवर त्या ताकाचे त्याला विस्मरणही झालेले असते.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेथे सर्व रोगी एकाच शहरात राहत असल्याने साथ तत्काळ ध्यानी आली. याउलट १९३३ साली अमेरिकेतील शिकागो येथे जागतिक प्रदर्शनाच्या वेळी घडले. परस्परांशी नळजोडणीने निगडित असलेल्या दोन हॉटेलांतून आमांशाची साथ पसरली. सुमारे १,४०० जण आजारी पडले व ९८ दगावले. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडल्यामुळे मूळ स्थान हुडकण्यास विलंब लागला. शहराच्या पाणीपुरवठ्यात दोष नव्हता. दोष होता तो इमारतीच्या आतील नळांत : पिण्याच्या पाण्याची व सांडपाण्याची व्यवस्था सदोष जोडणीमुळे एकमेकींना मिळाली होती, आणि गळक्या मलवाहिनीचे पाणी पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचत होते.

महामार्गावरील गावासाठी यातील बोध स्पष्ट आहे. तक्रार आली नाही म्हणून स्वयंपाकघर निर्दोष आहे, असे अनुमान काढता येत नाही. जेथे ग्राहक वाटसरू आहे, तेथे तक्रारीची वाट न पाहता नळजोडणीचीच तपासणी करावी लागते.

पाणी उलटे कसे वाहते

नळातून पाणी केवळ बाहेर येते, ही समजूत पूर्णतः खरी नाही. आपल्या बहुतेक गावांत ठराविक वेळीच पाणी सोडले जाते. पुरवठा बंद झाला आणि सखल भागातील नळ उघडे राहिले, की वाहिनीतील पाणी उतारास लागते व तिच्या वरच्या भागात निर्वात निर्माण होतो. त्या वेळी स्वयंपाकघरातील नळास लावलेली रबरी नळी भांडी विसळण्याच्या टाकीत बुडालेली असेल, तर टाकीतील खरकटे पाणी नळीवाटे वाहिनीत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की तेच पाणी प्रथम बाहेर पडते, कदाचित शेजाऱ्याच्या घरी.

मुख्य वाहिनीस थेट मोटर लावून पाणी खेचण्याच्या प्रथेमुळे हा धोका वाढतो. मोटरीच्या ओढीमुळे वाहिनीच्या प्रत्येक सैल सांध्यातून भोवतालचे पाणी आत येऊ शकते. काकरापारच्या कालव्याने व १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाने या प्रदेशाला मुबलक सिंचन दिले. त्याचबरोबर लाभक्षेत्रात भूजलाची पातळी वर येण्याचा व जमीन पाणथळ होण्याचा प्रश्नही उद्भवला. ओलाव्याने भरलेल्या जमिनीत नळ व गटार शेजारी शेजारी असतील, तर गळक्या नळाभोवती गटाराचेच पाणी साचून राहते. अशा ठिकाणी मोटरीने वाहिनीतून खेचण्याऐवजी, पाणी आपल्या दाबाने जमिनीवरील किंवा जमिनीखालील हौदात पडू द्यावे आणि मोटर हौदावर बसवावी.

तपासणीची पाच स्थाने

१. नळाचे तोंड : नळाचे तोंड व धुण्याच्या टाकीचा काठ यांमध्ये मोकळे हवेचे अंतर असावे. ते नळाच्या आतील व्यासाच्या दुप्पट, पण २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावे. १५ मिलिमीटरच्या नळास ३० मिलिमीटर अंतर पुरेसे होते. हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे, कारण हवेचे अंतर बिघडत नाही व त्यास दुरुस्ती लागत नाही. रबरी नळी वापरल्यास काम संपताच ती काढून खुंटीस टांगावी.

२. साठवण टाकी : टाकीत पाणी आणणारी नळी व तिचा बॉलकॉक हे उपळ्याच्या पातळीच्या वर असावेत. टाकीस घट्ट झाकण व उपळ्याच्या तोंडास बारीक जाळी असावी. हौदाचे तोंड जमिनीच्या पातळीवर न ठेवता उंच बांधावे.

३. कूपनलिका व नगरपालिकेचा नळ : दोहोंचे पाणी व्हॉल्व लावून एकाच वाहिनीत आणण्याची पद्धत सर्रास आढळते. व्हॉल्व झिजतो वा उघडा राहतो. दोन्ही पाणी स्वतंत्र नळ्यांनी आणून टाकीत वरून पडू द्यावे. न पिण्याच्या पाण्याच्या नळ्या वेगळ्या रंगाने रंगवाव्यात.

४. सांडपाण्याची नळी : भाजी व तांदूळ धुण्याच्या टाकीची नळी गटारास थेट जोडू नये. ती जाळीच्या मोरीवर उघडी सोडावी, म्हणजे गटार तुंबल्यास घाण टाकीत न चढता जमिनीवर दिसेल. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी सदैव असावे. ते आटले की दुर्गंधी व झुरळे यांना वाट मोकळी होते.

५. तेल व चिकटपणा : फरसाण तळणाऱ्या स्वयंपाकघरात तेल थंड होऊन नळ्यांत थिजते. गटारापूर्वी चरबी अडविणारी कुंडी बांधून ती नियमितपणे उपसावी.

क्लोरीनची कसोटी

पाणी आत येते तेथे व स्वयंपाकघरातील शेवटच्या नळाशी, अशा दोन ठिकाणी क्लोरीन तपासावा. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. प्रवेशाशी क्लोरीन पुरेसा असून शेवटच्या नळाशी तो नाहीसा झाला, तर टाकी अस्वच्छ आहे किंवा वाटेत दूषित पाणी मिसळत आहे, असा संशय घ्यावा.

क्लोरीन नसलेल्या १,००० लिटर पाण्यास २५ टक्के क्लोरीन असलेली ४ ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकल्यास लिटरमागे १ मिलिग्रॅम मात्रा पडते. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत मिसळावे व किमान अर्धा तास थांबून पुन्हा तपासावे. मात्र क्लोरीन हा सदोष जोडणीवरील इलाज नव्हे. आमांशाच्या जंतूंचे कोष या मात्रेस सहज दाद देत नाहीत. सांडपाणी शिरत असेल, तर प्रथम ती वाट बंद केली पाहिजे.

कायदा व कर्तव्य

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला. त्याखालील नियमांनुसार अन्नव्यवसायात पिण्यायोग्य पाणी वापरणे, साठवण टाक्या वेळोवेळी धुऊन त्याची नोंद ठेवणे आणि न पिण्याच्या पाण्याच्या नळ्या स्पष्टपणे ओळखता येतील अशा ठेवणे आवश्यक आहे. निरीक्षकांनी नोंदवही पाहावीच, तथापि तेवढ्यावर समाधान मानू नये. रबरी नळीचे टोक कोठे आहे, हे वाकून पाहावे.

मालकाने नळकारागिरास काम सोपविताना केवळ पाणी जोराने यावे एवढीच अपेक्षा ठेवू नये. वापरलेले पाणी मागे कोठून येऊ शकेल, हेही विचारावे. भांडी घासणाऱ्या कामगारास नळी टांगून ठेवण्याचे कारण समजावून सांगावे. कारण समजले की नियम पाळला जातो, केवळ हुकुमाने तो चार दिवस टिकतो.

पोटासाठी घर सोडून आलेला ऊसतोड मजूर असो वा रात्रभर गाडी हाकणारा चालक, समोर आलेले पाणी तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. तो विश्वासाने पेला ओठांस लावतो. त्या विश्वासाचे रक्षण बहुतांशी नळाचे तोंड व टाकीचा काठ यांमधील दोन बोटांच्या अंतरावर अवलंबून आहे. ते अंतर प्रत्येक स्वयंपाकघरात आजच मोजून पाहावे.