एक खोटा फोन

आग लागली, अपघात झाला, घरात चोर शिरला, की आपण मदतीसाठी फोन करतो. भारतात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे. अमेरिकेत ९११ आहे. फोन करणारा खरे बोलतो, या विश्वासावर हे काम चालते. पण या विश्वासाचा कोणी गैरफायदा घेतला तर?

अमेरिकेतील पोलिसांत शस्त्रसज्ज अशी खास पथके असतात. त्यांना ‘स्वॅट’ म्हणतात. ओलीस ठेवलेल्या माणसांना सोडवणे, बंदूकधारी गुन्हेगारांना पकडणे, ही त्यांची कामे. खोटा फोन करून सशस्त्र पोलिसांना दुसऱ्याच्या घरी पाठवणे, याला ‘स्वॅटिंग’ म्हणतात.

इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणारे लोक याला अनेकदा बळी पडतात. पोलीस घरात शिरल्याचे दृश्य फोन करणाऱ्याला पडद्यावर पाहता येते. त्याला ती गंमत वाटते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी कोलोरॅडो राज्यातील लिटलटन येथे एक तरुण आपला खेळ लोकांना दाखवत होता. अचानक बंदुका रोखून पोलीस खोलीत आले. त्यांनी त्याला जमिनीवर पालथे पाडले. सुदैवाने त्याला इजा झाली नाही.

प्रत्येक वेळी असे सुदैव लाभत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एका ऑनलाइन खेळावरून दोन तरुणांचे भांडण झाले. पैज होती अवघ्या दीड डॉलरची! एकाने लॉस एंजेलिसमधील एका माणसाला खोटा फोन करायला सांगितले. दुसऱ्याने आव्हान म्हणून कॅन्सस राज्यातील विचिटा येथील आपला जुना पत्ता दिला. त्या घरात आता दुसरेच कुटुंब राहत होते.

“मी वडिलांना गोळी घातली आहे. आई आणि भाऊ माझ्या ताब्यात आहेत,” असे त्या माणसाने फोनवर सांगितले. पोलिसांनी घराला वेढा घातला. बाहेर काय चालले आहे, हे पाहायला २८ वर्षांचा एक माणूस दारात आला. त्याचा हात कमरेकडे गेला, असे वाटून एका पोलिसाने गोळी झाडली. तो माणूस मरण पावला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. त्या खेळाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्याची दोन मुले पोरकी झाली.

फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. फोन करायला सांगणाऱ्यालाही १५ महिन्यांची कैद झाली. पण शिक्षेने गेलेला जीव परत येत नाही.

अशा फोनमुळे आणखी एक नुकसान होते. पोलीस खोट्या ठिकाणी अडकतात आणि खऱ्या संकटातील माणूस मदतीची वाट पाहत राहतो. म्हणून सिअ‍ॅटल शहराच्या पोलिसांनी २०१८ मध्ये एक सोय केली. ज्यांना अशा फोनची भीती वाटते, ते आपला पत्ता आधीच नोंदवू शकतात. मग फोन आला, तरी पोलीस अधिक सावधपणे जातात.

मुलांनो, आपल्या घराचा पत्ता, शाळेचे नाव इंटरनेटवर अनोळखी माणसाला सांगू नका. कोणी धमकी दिली, तर लगेच आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगा. आणि खेळातला राग खेळातच सोडून द्या. पोलिसांना खोटी माहिती देणे हा भारतातही गुन्हा आहे.

शब्दार्थ
ओलीस – मागणी पूर्ण होईपर्यंत ताब्यात ठेवलेला माणूस
प्रक्षेपण – दृश्य दूरवर पाठवणे
पोरका – आई किंवा वडील नसलेला

स्वाध्याय
१. स्वॅटिंग म्हणजे काय?
२. विचिटा येथील निरपराध माणूस का मारला गेला?
३. ‘गैरफायदा घेणे’ व ‘बळी पडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.