पुरुषांच्या देहातील लोहभांडार आणि मेद

दल्ली-राजहराच्या खाणींतून निघणारे लोहखनिज भिलाईच्या झोतभट्ट्यांत वितळते आणि त्यापासून रेल्वेचे रूळ घडतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. ज्या धातूवर ही नगरी वसली, तो प्रत्येक प्रौढ पुरुषाच्या देहातही असतो. मात्र अवघा तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढा! कारखान्याच्या धुळीतून तो अंगात भिनत असेल, असे कुणास वाटेल. परंतु श्वासावाटे गेलेली लोहधूळ फुप्फुसांत साचते, तो विषय निराळा. देहाचे लोहभांडार भरते ते अन्नातून, आतड्यांच्या वाटेने.

यातील बहुतांश लोह रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये कामास जुंपलेले असते. सुमारे एक ग्रॅम यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत, प्रामुख्याने फेरिटिन या प्रथिनात, राखून ठेवलेले असते. बँकेच्या परिभाषेत पहिले चालू खाते, तर दुसरी मुदत ठेव. या व्यवहारात एक वैगुण्य आहे. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेलीच नाही. दररोज जेमतेम एक मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. स्त्रियांचा साठा मासिक पाळीमुळे घटत राहतो. पुरुषांचा मात्र वयाबरोबर वाढत जातो.

रक्तातील फेरिटिन मोजले की या ठेवीचा अंदाज येतो. पण पोट सुटलेल्या पुरुषांत हा अंदाज चकवतो. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या पुरुषांच्या पाहणीत फेरिटिन आणि शरीरातील मेदाची ठेवण यांचा संबंध २००१ साली नोंदला गेला. पुढे इतरत्रही तसेच दिसून आले. पोटातील मेद निष्क्रिय नसतो. त्यामुळे शरीरात मंद दाह धुमसत राहतो आणि दाह असला की फेरिटिन वाढते. यकृतात चरबी साचल्यासही ते वाढते. शिवाय दाहामुळे यकृत हेपसिडिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. त्यामुळे आतड्यांतून येणारे लोह रोखले जाते आणि साठ्यातील लोहही अडकून पडते. पासबुकात शिल्लक भरपूर, पण धनादेश वटत नाही, अशी ही अवस्था! उलट दिशेने, खरोखर जादा झालेले लोह यकृतास व इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींस इजा करते. यात कारण कोणते व परिणाम कोणता, याविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही.

भारतीय पुरुषांच्या बाबतीत वजनकाटाही फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय २२.३ असा अगदी सारखा. मात्र शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडील पुरुषांनी वजनापेक्षा कंबरेवर लक्ष ठेवणे अधिक शहाणपणाचे. ९० सेंटिमीटर ही तिची मर्यादा मानली जाते.

थकवा जाणवला की परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करण्याची सवय येथेच घातक ठरू शकते. थकव्याचे मूळ लोहाच्या कमतरतेत आहे की साचलेल्या मेदात, हे एकट्या फेरिटिनवरून उमगत नाही. हिमोग्लोबिन, दाहदर्शक सीआरपी, यकृताच्या चाचण्या, रक्तशर्करा आणि ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता एकत्र पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात. संपृक्तता वारंवार ४५ टक्क्यांहून अधिक आढळली, तर आनुवंशिक लोहातिरेकाची शंका घेऊन पुढील तपासणी केली जाते.