खांद्याला बसेल ती बंदूक

बागेसाठी पहिल्यांदा बंदूक घेणाऱ्याला, त्यातही ती बाई असेल तर, जो तो एकच सल्ला देतो: हलकी घ्या. दुकानदार सांगतो, शेजारी सांगतात, घरचेही सांगतात. सल्ला मायेपोटी येतो, पण तो चुकीचा आहे. राजापूर तालुक्यात आमची काजू-आंब्याची बाग आहे. नवरा मुंबईला नोकरीत, सासरे थकलेले. त्यामुळे वानरं आणि डुकरं यांचा बंदोबस्त माझ्याकडे आला, आणि त्याबरोबर बंदूकही. तेव्हा जे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

परवान्याचं थोडक्यात. सासऱ्यांकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि जुनी दुनळी होती. परवानाधारक गेल्यावरच वारसाच्या नावे परवाना होतो असं आमच्याकडे बहुतेकांना वाटतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, तरी वारसाला अर्ज करता येतो. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी हे काम म्हाताऱ्या माणसाच्या हयातीतच हाती घ्यावं. कागदपत्रं सोपी जातात हे खरंच, पण त्याहून मोठा लाभ म्हणजे शिकवणारा माणूस समोर असतो. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रशिक्षण निव्वळ शिक्क्यासाठी उरकू नका. मी बंदुकीबद्दल जे शिकले त्यातलं निम्मं तिथेच शिकले.

सासऱ्यांची दुनळी मी आहे तशी वापरावी असं सगळ्यांना वाटत होतं. परवानाधारक कारागिराला दाखवली तेव्हा त्यानं ती मोडली, म्हणजे सांध्यातून उघडली, उजेडात धरली आणि सांध्याला हलवून पाहिली. सांधा ढिला होता. नळ्या जुन्या पद्धतीच्या, लोखंडाच्या पट्ट्या पीळ देऊन घडवलेल्या. काळ्या दारूच्या काळातल्या. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू अशा नळ्यांसाठी नसते. शिवाय जुन्या बंदुकांमधलं काडतुसाचं घर पुष्कळदा 65 मिलिमीटरचं असतं. 70 चं काडतूस त्यात विनातक्रार बसतं, पण बार होताना त्याचं तोंड पूर्ण उलगडायला जागा राहत नाही आणि नळीतला दाब भलताच वाढतो. ‘इतकी वर्षं चालली की’ हे उत्तर मी घरात खूप ऐकलं. आजोबांच्या बंदुकीवर कितीही जीव असला तरी पहिलं काडतूस भरण्याआधी ती कारागिराच्या हाताखालून जाऊ द्या. आमची गेली, आणि परत आली नाही. शस्त्र बदलण्याची परवानगी काढून आम्ही नवी घ्यायचं ठरवलं.

पीक संरक्षणासाठी 1959 चा शस्त्र कायदा मुळात ठासणीची बंदूक गृहीत धरतो. तिनं भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळते. आमच्याकडे ती म्हणजे 12 बोअर. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून 12. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. 16 आणि 20 बोअर त्याहून बारीक. 20 बोअरचा धक्का कमी असतो, पण घेण्याआधी जवळच्या दुकानात तिची काडतुसं बारमाही मिळतात का याची चौकशी करा. 12 ची मिळतात. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं कोकणात सर्वांच्या ओळखीची आहेत. घरात दोन बोअरची काडतुसं मात्र कधीही एकत्र ठेवू नका. 20 चं काडतूस 12 च्या नळीत घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, आणि मागून 12 चं भरून बार काढला की नळी फुटते.

आता हलकीची गोष्ट. दुकानदारानं माझ्यापुढे एक आखूड, हलकी एकनळी ठेवली. ‘वहिनी, तुमच्यासाठी हीच बरी. खेळण्यासारखी उचलाल.’ उचलली, आणि खरंच उचलायला छान वाटली. पण प्रशिक्षण देणारे निवृत्त सुभेदार म्हणाले होते की, बार काढल्याशिवाय पसंती सांगायची नाही. त्यांनी मैदानावर तशाच वजनाची एकनळी माझ्या हातात दिली, आणि नंतर तीन किलोच्या वरची दुनळी. काडतूस दोन्हींत एकच. एकनळीनं खांदा असा हाणला की पुढच्या बाराला चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटले. दुनळीनं ढकललं, हाणलं नाही. काडतूस तेच असेल तर मागे येणारा जोरही तेवढाच असतो. वजनदार बंदूक तो जोर स्वतःत जिरवते, हलकी तो तुमच्याकडे पाठवते. दिवसभर खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा असेल तर हलकीचा विचार करावा. बागेच्या कडेला उभं राहून बार काढायचे असतील तर वजन हा तुमचा मित्र आहे.

आणि डोळे मिटणं ही बारीकसारीक बाब समजू नका. धक्क्याच्या भीतीनं माणूस डोळे मिटतो, चाप खेचतो, नळी खाली जाते. ते छर्रे कुठे गेले हे त्यालाच ठाऊक नसतं. यावर सुभेदारांचा उपाय होता: काडतुसं ते स्वतःच भरायचे, आणि मधेच एखादं खोटं, म्हणजे दारू नसलेलं काडतूस, न सांगता घालायचे. चाप ओढला की नुसती ‘टक’, आणि नळीनं खाल्लेला झोका सगळ्यांना दिसायचा. ओशाळायला होतं, पण हात स्थिर होण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

वजनानंतर दस्ता, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. दुकानातल्या बहुतेक बंदुकांचे दस्ते सरासरी पुरुषाच्या हाताच्या बेतानं केलेले असतात. लांब दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर टेकतो, मग दंड काळानिळा पडतो आणि दोष बाईच्या ताकदीला दिला जातो. अशी पारख करा: बंदूक रिकामी आहे हे स्वतः मोडून पाहा, भिंतीकडे किंवा सुरक्षित दिशेला तोंड करा, डोळे मिटून दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी डोळ्यासमोर सरळ यायला हवी. त्यासाठी मान ताणावी किंवा वाकवावी लागत असेल, तर ती बंदूक अजून तुमची नाही. परवानाधारक कारागीर दस्ता कापून आखूड करतो, मागे रबराची गादी लावतो. माझा त्यानं कापला. घरच्यांना ‘नवी वस्तू कापली’ याचं वाईट वाटलं. मला मात्र ती त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागली. आणि पदराची पिन खांद्यावर लावून कधी सराव करू नका. पदर खोचा, पिन काढा.

डोळाही तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये बारीक फट ठेवा, तिच्यातून दूरच्या माडाचा शेंडा पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला शेंडा फटीतच दिसत राहतो तो तुमचा मुख्य डोळा. तो डावा असेल आणि बंदूक उजव्या खांद्याला असेल, तर नेम कायम का चुकतो याचं कोडं सुटेल. कानात बोळे घाला, तेही कापसाचे नव्हेत, कानासाठीचेच. सासऱ्यांना डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, आणि त्यांच्या पिढीत कान झाकणं भित्रेपणा समजला जायचा.

बंदूक घरी आल्यावर लगेच काडतुसं काढू नका. मी रोज संध्याकाळी ती रिकामी हाताळत असे: मोडायची, दोन्ही नळ्यांत पाहायचं, बंद करायची, पुढचा चाप कोणत्या नळीचा, सेफ्टी अंगठ्याला न बघता सापडते का. बाहेर घोडे असलेली जुनी बंदूक असेल तर भरलेल्या काडतुसावर घोडा हळूच उतरवण्याची सवय लावून घेऊ नका. आधी मोडा, काडतूस काढा, मग घोडा उतरवा. गडगा ओलांडताना, माचीवर चढताना, घरात शिरताना बंदूक मोडलेली आणि रिकामी हवी. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. पावसाळ्यात दमट झालेलं काडतूस कधीकधी उशिरा पेटतं.

आता जे सांगताना माझा आवाज चढतो ते. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारायचं तरी वन खात्याची परवानगी लागते. आमचा बार बहुतेक वेळा आवाजासाठीच असतो. पण आवाजासाठी काढलेल्या बारातूनही छर्रे बाहेर पडतात, आणि आमच्याकडे सगळीकडे कातळ. कातळावरून छर्रा कुठे उसळेल याचा नेम नाही. आणि रात्री झुडूप हललं म्हणून बार काढणं? पलीकडच्या वाडीत असाच एक बार डुकरावर म्हणून काढला गेला आणि बरोबरच्याच माणसाच्या पायात बसला. तो अजून लंगडतो. आमच्या बागेत पहाटे काजूच्या बिया वेचायला बायका-पोरं येतात, कुठल्या पायवाटेनं येतात ते मलाही ठाऊक नसतं. म्हणून बॅटरीच्या उजेडात समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे दोन्ही दिसल्याशिवाय माझं बोट चापावर जात नाही. एका रात्रीत अर्धी केळ आडवी झाली तरी चालेल. लग्नात, शिमग्यात कुणी आग्रह करेल. आनंदाच्या गोळीबाराला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, ठेवले आहेत. कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

ठेवण्याचं: बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या पोरांना माहीत नसलेल्या जागी. चामड्याच्या खोळीत भरून ठेवू नका, आमच्या खाऱ्या हवेत खोळ ओल धरते आणि नळी गंजते. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि ती वेळ नेमकी काजू धरण्याचीही असू शकते. देण्याआधी तेलाचा हात फिरवा, बंदुकीचा नंबर लिहिलेली पावती घ्या. परत मिळाली की पहिला बार काढण्याआधी बंदूक मोडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहाच. कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला नळीसारखी जागा नाही, आणि तेवढी माती नळी फुटायला पुरते.