‘मर’ हा शब्द कोठे वापरावा ?

तिवसा भागात उभे पीक वाळू लागले म्हणजे ‘मर लागली’ असे सर्रास म्हटले जाते. पाणी साचून कोमेजलेली पऱ्हाटी, फुलावर येताच सुकणारी तूर, घाटे भरताना वाळलेला हरभरा आणि खोडातून डिंक ओघळणारे संत्र्याचे झाड, या सर्वांना हा एकच शब्द लावण्यात येतो. बोलण्यापुरते त्यात बिघडत नाही. परंतु त्याच शब्दाच्या भरवशावर औषध आणले किंवा पुढील सालचे पीक ठरविले, म्हणजे पैसा व हंगाम दोन्ही हातचे जातात.

रोगशास्त्रात ‘मर’ या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. जमिनीतील बुरशी मुळावाटे आत शिरते व झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते, त्या रोगास मर म्हणावे. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. तुरीवरील या बुरशीस बटलर या शास्त्रज्ञाने 1910 साली ‘फ्युजेरियम उडम’ हे नाव दिले. ‘कूज’ याहून निराळी. तीत मुळाचा किंवा खोडाचा जिवंत भागच नासतो. (कुजणे ही क्रिया एरवी वाईट नव्हे, शेणखत तर चांगले कुजलेलेच हवे.) संत्र्याचा डिंक्या हा या दुसऱ्या वर्गातील रोग होय.

ओळख शेतातच पटते. वाळू लागलेले तुरीचे झाड मुळासकट काढून बुंधा उभा चिरावा. आत तपकिरी वा काळ्या रेषा दिसल्या, किंवा बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा खोडावर असला, तर ती मर समजावी. हरभऱ्याचे झाड ओढताच सहज हाती आले, सोटमूळ काळपट व ठिसूळ असून बारीक मुळ्या गळून गेल्या असल्या, तर ती कोरडी मूळकूज होय.

हा भेद केवळ नावाचा नाही. तुरीची मर तुरीपुरतीच असते, पण तिची बुरशी पिकाच्या अवशेषांत सुमारे तीन वर्षे टिकते. म्हणून त्या शेतात तितका काळ तूर टाळून ज्वारीसारखे पीक घ्यावे व पुढे ‘आशा’ किंवा ‘बीएसएमआर 736’ यांसारखे प्रतिकारक वाण पेरावे. ज्वारीच्या सोबतीने घेतलेल्या तुरीत मर कमी राहते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. वऱ्हाडातील जुन्या मिश्रपिकात हा लाभ आपोआप मिळत असे; ज्वारी मागे पडली तसा तोही गेला. कोरड्या मूळकुजीची बुरशी मात्र अनेक पिकांवर जगते. तेथे केवळ फेरपालटाने भागत नाही. फुले व घाटे येताना उष्णता वाढून जमीन कोरडी पडली की ती बळावते. म्हणून हरभऱ्याची पेरणी वेळेवर करावी आणि पाण्याची सोय असल्यास त्या सुमारास हलके पाणी द्यावे.

पऱ्हाटीच्या बाबतीत आणखी सावध राहावे. दीर्घ उघडीप होऊन जोराचा पाऊस पडला, की भरल्या बोंडांची झाडे एक-दोन दिवसांत माना टाकतात. यास ‘आकस्मिक मर’ म्हणतात, पण येथे बुरशी मूळ कारण नसते. मुळांची हवा कोंडते. पानांवर बुरशीनाशक फवारणे व्यर्थ आहे. साचलेले पाणी त्वरित चर काढून बाहेर काढावे, बुंध्याशी माती पायाने दाबावी व वाफसा येताच डवऱ्याची पाळी द्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नोंदवहीत ‘मर’ एवढेच लिहून थांबू नये. पिकाची अवस्था, झाडे ठिपक्याठिपक्यांनी वाळली की सखल भागात एकदम, मागील दोन सालांची पिके आणि बुंधा चिरल्यावर काय दिसले, हे लिहावे. शंका राहिल्यास अर्धवट वाळलेले झाड मुळांसह, कागदात गुंडाळून तपासणीस पाठवावे. पूर्ण वाळलेले झाड निरुपयोगी ठरते, कारण त्यावर मागाहून इतर बुरशा वाढलेल्या असतात.