लावणीआधी खाचर मोजा 🌾


चारसूत्री भात लावणीला युरिया-डीएपी ब्रिकेट हेक्टरी 170 किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण 1.7 किलो लागतात. पण आपल्याकडे खाचर चौकोनी असतं कुठे?

बरेच जण समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. तिरक्या खाचरात हा हिशोब नेहमी जास्तच येतो. समजा बाजू ओळीने 85, 50, 84, 47 फूट आहेत. सरासरीने 84.5 × 48.5 = 4098 चौ. फूट, म्हणजे पावणेचार गुंठे.

आता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणा. भरली 120 फूट. दोन त्रिकोण झाले. उरलेल्या दोन्ही कोपऱ्यांपासून दोरीपर्यंत टेप लावा: 30 आणि 25 फूट. टेप तिरपी नको, सगळ्यात कमी भरेल तेच अंतर घ्यायचं.

120 × 30 ÷ 2 = 1800
120 × 25 ÷ 2 = 1500
एकूण 3300
मधला कातळ 12 × 9 = 108 वजा
उरले 3192 चौ. फूट
÷ 1089 = 2.93 गुंठे

ब्रिकेट 5 किलो पुरे. आधीच्या हिशोबाने 6.4 किलो आणले असते!

फोनवरचं मोजणी अ‍ॅप मोठ्या कलमबागेला ठीक, पण एवढ्याशा खाचरात दोन-तीन मीटर इकडेतिकडे झाले तरी हिशोब बिघडतो. आणि ही मापं खतापुरतीच हं, हद्दीच्या वादात काढू नका. त्याला सरकारी मोजणीच लागते.

खाचर पाच-सहा कोनी असेल तर कागदावर कच्चा नकाशा काढा, मापं लिहा, फोटो मला पाठवा. त्रिकोण पाडून देतो.