जास्वंदीवरचा पांढरा कापूस

मैत्रिणींनो, रांजणगावचा महागणपती आपल्याच शिरूर तालुक्यातला. गणपतीला लाल जास्वंद प्रिय, म्हणून दारात एक तरी झाड हवंच. पण शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं, पानं चुरगळली, कळ्या गळायला लागल्या, की सावध व्हा. ही बुरशी नाही, पिठ्या ढेकूण आहे. हीच कीड भेंडी, डाळिंब, द्राक्षावरही जाते. दारातलं दुर्लक्ष शेतात महागात पडतं.

काय करायचं?

१. किडके शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. उकिरड्यावर टाकू नका.

२. किडीच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि किडीची राखण करतात. बुंध्याजवळचं वारूळ मोडा.

३. ५० ग्रॅम निंबोळी पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठ दिवसांनी पुन्हा फवारा.

नवीन रोप करायचं तर पाऊस सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा वीतभर तुकडा घ्या. खालची पानं काढून, तळाला भोक पाडलेल्या डब्यात लावा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. उन्हाळ्यात तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी घाला, बुंध्याशी पाचट पसरा.

एक लक्षात ठेवा, कीड असलेल्या झाडाची फांदी कुणालाच देऊ नका. फांदीबरोबर कीडही तिच्या दारात जाते. बैठकीत दाखवायला शेंडा आणायचा असेल, तर पिशवीत घट्ट बांधून आणा.