उन्हात जुनी फियाट का अडते?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची १९७४ सालची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आहे. मे महिन्यात परभणीहून गंगाखेडला जाताना वाटेत चहाला थांबलो, की ती पुन्हा चालूच होत नाही. फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवलं की थोड्या वेळानं चालू होते. नवी कार त्याच उन्हात कधी अडत नाही. असं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : कारण फ्युएल पंपाच्या जागेत आहे. पद्मिनीची टाकी मागे आणि पंप पुढे, तापलेल्या इंजिनाला चिकटून. तो पेट्रोल लांबून ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की कोणताही द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलचे हलके घटक तर ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४२ च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. नळीत वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. मेकॅनिक याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

मग चालताना न अडणारी गाडी थांबल्यावरच का अडते? पद्मिनीचा पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनावर फिरतात. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात आणि साठलेली उष्णता पंपाकडे, कार्ब्युरेटरकडे चढते. ओल्या फडक्यातलं पाणी वाळताना ही उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमानं.

नव्या कारमध्ये विजेवरचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो, तेही सहसा वातावरणाच्या तिपटीहून अधिक दाबानं. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही.

बाकी तुलनाही नव्या कारच्याच बाजूनं झुकते. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन जेमतेम ४०-४५ अश्वशक्ती देतं. आजचं १२०० सीसीचं इंजिन ८० च्या पुढे जातं. एअरबॅग आणि एबीएस तर पद्मिनीत नाहीतच. म्हणून मुलाबाळांना घेऊन लांब जायचं तर नवी कारच न्या.

तरीही पद्मिनी जपाच. ती वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, आणि तिचं दुखणं अजूनही डोळ्यांनी दिसतं, हातानं दुरुस्त होतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर काढा. गाडी अडली तर बॉनेट उघडून इंजिन निवू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या त्यानं लवकर खराब होतात. गळकी नळी आणि तापलेलं इंजिन एकत्र आले तर आग लागू शकते, म्हणून नळ्या आधी बदला.

तुमच्या गाडीला ५० वर्षं झाली आहेत. २०२१ च्या नियमांनुसार, मूळ रूप राखलेल्या अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. मात्र नंतर ती रोजच्या वापराला काढता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच अर्ज करा.